बोट लावलं की चालतो

[दृश्य: तळहातावर एक लहानशी काळी पट्टी. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

मध्ये नखाएवढीही नसलेली चिप, शेजारी 16 मेगाहर्ट्‌झचा चकचकीत, ताल धरून देणारा क्रिस्टल आणि टोकाला नागमोडी वळणं घेत गेलेली तांब्याची रेघ. ही रेघच अँटेना. नॉर्डिक सेमिकंडक्टरची ‘एनआरएफ24एल01 प्लस’ ही रेडिओ चिप 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलते आणि एका दमात जास्तीत जास्त 32 बाइट पाठवते. दोन आर्डुइनोंना, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांना, तारेविना बोलतं करायचं म्हटलं की अनेकांच्या हाती पहिल्यांदा हेच मॉड्यूल, म्हणजे ही पट्टी, येतं. अडकायलाही इथेच होतं.

मी दोन रात्री अडकलो होतो. एका बोर्डावरून संदेश गेला की दुसऱ्यावरचा दिवा लागायला हवा, एवढंच साधं काम. दिवा कधी लागायचा, कधी नाही. कोड पुन्हा लिहिला, लायब्ररी (तयार कोडचा संच) बदलली. मग सहज मॉड्यूलला बोट लागलं आणि दिवा लुकलुकायला लागला. बोट काढलं, बंद. पुन्हा लावलं, सुरू. तेव्हा कळलं की कोडमध्ये शोधून काही हाती लागणार नाही.

[दृश्य: मॉड्यूलच्या पिना, जवळून.]

आधी जोडणी बघू. पिना आठ, चार-चारच्या दोन रांगांत. हे मॉड्यूल ब्रेडबोर्डात (आतून रांगेने जोडलेल्या छिद्रांच्या पाटीत) कसंही खोचलं तरी पिना आपसात शॉर्ट होतात, म्हणून जंपर वायर थेट पिनांवरच चढवायच्या. ग्राउंडच्या पिनेभोवती बहुधा चौकोनी खूण असते, मोजायला तिथून सुरुवात करा. मॉड्यूल पालथं केलं की डावं-उजवं उलटतं, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. आर्डुइनोच्या उनो बोर्डावर एससीके (ताल देणारी पिन) 13 ला, एमआयएसओ (मॉड्यूलकडून येणारा डेटा) 12 ला, एमओएसआय (मॉड्यूलकडे जाणारा डेटा) 11 ला. मेगा बोर्डावर याच तिघी 52, 50 आणि 51 वर जातात. सीई (बोलणं-ऐकणं सुरू करणारी) आणि सीएसएन (चिपची निवड करणारी) कुठे जोडल्या ते कोडमध्ये सांगायचं. मी 9 आणि 10 वापरतो. आयआरक्यू (काही घडलं की इशारा देणारी) मोकळी सोडली तरी चालते.

या सिग्नलच्या पिना 5 व्होल्ट सोसतात. व्हीसीसी, म्हणजे वीज आत घेणारी पिन, मात्र सोसत नाही. तिची मर्यादा 1.9 ते 3.6 व्होल्ट. ती वायर चुकून 5 व्होल्टच्या पिनेत गेली, तर मॉड्यूल गेलंच म्हणून समजा.

आता माझ्या बोटाकडे येतो. उनोच्या 3.3 व्होल्टच्या पिनेतून 50 मिलीअँपिअर घेता येतात. चिप पूर्ण ताकदीने बोलताना 11.3 घेते, ऐकताना साधारण 13.5. कागदावर हिशेब सहज बसतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. चिप ही वीज संथपणे मागत नाही. झोपेतून उठून बोलायला लागते त्या क्षणी तिची मागणी एकदम वाढते. लांब, बारीक जंपर वायरमधून ती वेळेवर पोचत नाही, व्होल्टेज पळभर खचतं आणि संदेश वाटेतच हरवतो. साध्या मल्टिमीटरला ही खच दिसतही नाही; तो शांतपणे 3.3 दाखवत राहतो.

[दृश्य: कॅपॅसिटरचे पाय कापून सोल्डर करणारे हात.]

नळाची धार बारीक असेल तर शेजारी भरलेली बादली हवी. ती बादली म्हणजे व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये लावलेला कॅपॅसिटर, 10 ते 100 मायक्रोफॅरडचा. इलेक्ट्रोलिटिक (ठरावीक दिशेनेच लावायचा) असेल तर अंगावरच्या पट्ट्याकडचा पाय ग्राउंडला. पाय आखूड कापा आणि मॉड्यूलच्या पिनांनाच सोल्डर करा. आर्डुइनोच्या टोकाला लावला तर बादली नळापाशीच राहते, तहानलेल्यापाशी नाही.

लांब पल्ल्याच्या, काडीसारखी अँटेना असलेल्या मॉड्यूलला एवढ्याने भागत नाही. त्याची भूक 100 मिलीअँपिअरच्या वर जाते. त्याला 3.3 व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) द्या, ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच ठेवा. आणि अशी दोन मॉड्यूल एकाच टेबलावर तपासताना कोडमधली पॉवर सर्वांत कमी करा, नाहीतर समोरच्याच्या कानठळ्या बसतात.

[दृश्य: टेबलावर दोन बोर्ड. एका मॉड्यूलवर टेकलेलं बोट.]

सोल्डर थंड झालं. मी वीज दिली, सवयीने बोट ठेवलं. दिवा लुकलुकायला लागला.

बोट उचललं. दिवा लुकलुकतच राहिला.