चाकोरीत न बसणारी सायकल

(सोलापुरातल्या सायकलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत येताना पोर्चमध्ये उभ्या केलेल्या दोन गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. एक दोन चाकांची, एक तीन चाकांची. दोन्हींवर माणूस बसत नाही, रेलतो. पाठ मागं टेकलेली, पाय पुढं आणि पेडल पायांच्याही पुढं. नाव रिकम्बंट. आमच्या गल्लीत तिला 'बाजेची सायकल' म्हणतात आणि मला तेच नाव बरं वाटतं. पहिल्यांदा ती घेऊन सात रस्ता चौकातून गेलो तेव्हा एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, झोप लागली तर?" लागत नाही. पाय थांबले की गाडी थांबते आणि मागचा हॉर्न लगेच जागं करतो.

मी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करणारा, होतो. तीस वर्षं मान खाली घालून तुटलेले धागे बघितले, मग मानेच्या मणक्यांनी माझ्या आधी निवृत्ती घेतली. साध्या सायकलवर मान उचलून पुढं बघणं जमेना. तेव्हा भंगारातल्या दोन सायकली घेतल्या, पुढं लहान पोरांच्या सायकलचं वीस इंची चाक लावलं, मागं सव्वीसचं, आणि मधला सांगाडा ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतला. ती दोन चाकांची. तीन चाकांची माझ्या मित्राची आहे, तयार विकत घेतलेली. आज बोलायचं आहे ते मात्र गाडीबद्दल कमी आणि जानेवारीतल्या आपल्या शनिवार-रविवारच्या सायकल सहलीबद्दल जास्त. मागच्या बैठकीत यादी झाली, उत्साह झाला, 'कुठं जायचं' यावर तासभर भांडणही झालं. 'कसं जायचं' हे कुणी विचारलं नाही.

साध्या सायकलीवर चढ आला की तुम्ही काय करता? सीटवरून उठता आणि अंगाचं वजन पेडलवर टाकता. बाजेवर उठता येत नाही. पाठीला सीट आहे, तिला रेटून नुसत्या पायांनी गाडी ओढायची. त्यात ही वजनाला जड. मग करायचं एकच, गिअर हलका घ्यायचा आणि पाय भराभर फिरवायचे, चरख्यासारखे. कुणी मर्दुमकी दाखवायला जड गिअरवर चढ मारला तर संध्याकाळी गुडघा धरून बसतो. उतारावर मात्र चित्र उलटं. छाती वाऱ्याच्या आड येत नाही, त्यामुळे गाडी अशी पळते की मागचे साधे सायकलवाले दिसेनासे होतात.

हे वाऱ्याचं गणित नवं नाही. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूनं शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच रेललेल्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर काटले. आधीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून टिकून होता. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सायकलची व्याख्याच अशी केली की ही गाडी शर्यतीतून बाद झाली. वरच्या दर्जाचे सायकलपटू तिच्यावर बसत नव्हते, हिनं त्यांना मागं टाकलं हीच मोठी तक्रार होती. असो, तो राग मी दरवर्षी एकदाच काढतो.

मुद्दा असा की साधी सायकल चढावर पुढं, बाज उतारावर पुढं. दोन्ही प्रकार एका गटात घातले तर ते दिवसभर एकमेकांना शोधत राहतात. गट एकत्र 'चालवायचा' हा हट्टच सोडा. एकत्र निघायचं, ठरलेल्या ठिकाणी एकत्र थांबायचं, एकत्र जेवायचं. मधलं अंतर ज्याचं त्यानं आपल्या पायांनी काटायचं.

हे शहाणपण आम्हाला फुकट आलेलं नाही. पहिल्या वर्षी आम्ही सहा जण हत्तरसंग-कुडलला निघालो. भीमा-सीनेचा संगम, हरिहरेश्वराचं देऊळ, ते शेकडो मुखांचं शिवलिंग आणि शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. जाण्यासारखं ठिकाण आहेच. विजापूर रोडनं मंद्रूप आणि मग आत. जाताना साधारण चाळीस किलोमीटर, परत तितकेच. तीन साध्या सायकली, तीन बाजा. सहाला निघालो आणि दहाला संगमावर भेटायचं ठरलं. साधे सायकलवाले साडेआठलाच पोचले, नदीत पाय घालून बसले. मी दहाला पोचलो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक मित्र तीनचाकीवर सगळ्यात मागं होते. अकरा वाजले, बारा वाजले. फोन लागेना.

झालं होतं असं. या गाडीची चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब असते. पेडल पुढं पायांशी, ओढायचं चाक मागं पाठीखाली. एवढी लांब चेन लोंबू नये म्हणून ती मधे एका छोट्या कप्पीवरून नेतात. त्या कप्पीचं बेअरिंग फुटलं आणि चेन तिच्यात अडकून बसली. मधल्या कप्पीला दुसरी कप्पी कुणाकडंच नव्हती. पंक्चरचं सामान सहाही जणांकडं होतं!

आम्ही उलटे फिरलो तेव्हा हे गृहस्थ एका वस्तीवर लिंबाच्या सावलीत बसून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा खात होते. म्हणाले, "तुमच्यापेक्षा मी सुखात होतो." ते सुखात होते, पण गाडीचं काय? ओळखीच्यांची जीप आली, तीनचाकी तिच्यात मावेना. शेवटी कारखान्यावर ऊस टाकून रिकामी परतणारी ट्रॉली मिळाली आणि आमची बाज उसाच्या पाचटावर आडवी होऊन मोठ्या रस्त्याला लागली. कुडलच्या त्या शिलालेखात वाचणारा विजयी होईल असं लिहिलंय. आम्ही त्या दिवशी दुसऱ्या अर्थानं वाचलो.

म्हणून यंदा सरळ रेघ नाही. फुलाच्या पाकळ्या काढायच्या. मधे एक मुक्काम आणि तिथून निघून तिथंच परत येणारे तीन-चार फेरे. एखाद्याची गाडी बिघडली, कुणाचा गुडघा दुखला, तर तो एक पाकळी गाळतो आणि पुढच्या पाकळीत सामील होतो. कुणाला आणायला जीप लागत नाही. मुक्काम हिप्परग्याच्या बाजूला, तुळजापूर रोडलगतच्या एका शेतावर ठरला आहे. शेतमालक आपल्यातलेच आहेत आणि हुरड्याची गुळभेंडी ज्वारी पेरल्याचं त्यांनी मुद्दाम कळवलंय. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

शनिवारी सकाळचा पहिला तास फक्त बसून बघण्याचा. या तासावरून मागच्या बैठकीत काही जण हसले. पण बाजेची सीट सहसा पुढं-मागं होत नाही, पेडलचा दांडा होतो. टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. सहा फुटी माणसाची गाडी पाच फुटी माणसाला द्यायची तर दांडा आत ढकलावा लागतो. आत ढकलला की चेन सैल पडते, मग चेनचे दुवे काढा. 'जरा मला दे की चालवायला' यात अर्धा तास जातो. तो तास शेतातच घालवू, रस्त्यात नको.

त्यानंतर एकरुखच्या तलावाच्या बाजूची गाडीवाट. १८७१ सालचं धरण, आदिला नदीवरचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंतर किरकोळ आहे, पण खरी गंमत इथंच आहे. बैलगाडीनं आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. दोन चाकांची बाज एका चाकोरीतून सुखानं जाते, फक्त दगड आला तर तिला साध्या सायकलीसारखं उचलून पलीकडं टाकता येत नाही. तीनचाकीची पंचाईत वेगळी. तिच्या पुढच्या दोन चाकांत हातभरापेक्षा थोडं जास्त अंतर, चाकोऱ्यांमधे त्याच्या दुप्पट. म्हणजे दोन्ही चाकं चाकोरीत बसतच नाहीत. एक चाक खड्ड्यात घातलं तर गाडी कलते, आणि मधून गेलात तर गवतात दडलेला धोंडा थेट बुडाखाली लागतो, कारण सीट जमिनीपासून वीतभरच. मी सांगतो ते ऐका. वाटेच्या कडेला कडक माती असते, एक चाक तिथं आणि दुसरं उंचवट्याच्या उतारावर. हळू. आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर ही पाकळी रद्द. आपली काळी माती ओली असताना चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये भिंतच बांधते. तिथं पायीसुद्धा गाडी ढकलता येत नाही.

पाय पेडलला बांधलेला पाहिजे, हे तीनचाकीवाल्यांना दोनदा सांगतो. पाय सुटून जमिनीला लागला की पुढं जाणारी गाडी त्याच्यावर चढते, पाय मागं ओढला जातो आणि घोटा मुरगळतो किंवा मोडतो. साध्या सायकलीवर पाय टेकणं म्हणजे सुटका, इथं उलट आहे. टाचेला पट्टा बांधा, पेडलमध्ये अडकणारे खिळ्याचे बूट असतील तर ते घाला. चपला घालून येणाऱ्याला मी शेतात हुरडा राखायला बसवणार आहे.

रविवारची पाकळी मोठी. मुक्कामावरून पश्चिमेला आडवाटेनं बार्शी रोड गाठायचा आणि नान्नजच्या बाजूला जायचं. दिशा मुद्दाम निवडली आहे. बाजेवर तोंड आभाळाकडं असतं, त्यामुळे समोर सूर्य आला की डोळे उघडवत नाहीत. सकाळी पश्चिमेला गेलं की ऊन पाठीवर आणि परतताना ते डोक्यावर येतं. तरी मांड्या आणि नडग्या भाजतात, साध्या सायकलीवर कधी न भाजलेल्या जागा. लुंगीवाले सुखात राहतील, पण लुंगी ओढून घ्यायला चेन आहे.

नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळढोक आता दिसणं म्हणजे नशीब, काळवीट मात्र दिसतात. आपण रस्त्यावरूनच जायचं. माळरानात गाडी घालायची नाही, वन खात्याची परवानगी असल्याशिवाय तर नाहीच. ही गाडी आवाज करत नाही म्हणून जनावर बिथरणार नाही, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. जनावराला आवाजापेक्षा वेडावाकडा आकार जास्त बुजवतो. गावातल्या कुत्र्यांना विचारा. बाजेवर कुत्र्याचं तोंड आणि तुमचं तोंड एका उंचीवर येतं. पळून जायचा प्रयत्न करू नका, ते चढावर तुमच्यापेक्षा वेगवान आहेत. थांबा, नावानं हाक मारल्यासारखं बोला. आपल्याकडची कुत्री कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही समजतात.

उसाच्या हंगामात जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागचा दिवा असेलच असं नाही. ट्रॅक्टरवाला उंच बसलेला, तुम्ही त्याच्या पुढच्या चाकाच्या खाली. त्याला तुम्ही दिसतच नाही. म्हणून प्रत्येक बाजेला सहा फुटी काठी आणि तिला भगवं-लाल कापड. आमच्या गटाचा झेंडा म्हणजे जुन्या टॉवेलची पट्टी, सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. आरसा दोन्ही बाजूंना. रेलून बसल्यावर मान वळवून मागं बघता येत नाही. आणि सकाळी नऊनंतर मोठ्या रस्त्यावर कुणीही जायचं नाही.

बाभळीचा काटा तर आहेच. साध्या सायकलीच्या दोन चाकांची एकच रेघ असते, तीनचाकीच्या तीन रेघा, म्हणून काटेही जवळपास तिप्पट. पण इथं एक सुख आहे. तीनचाकीची पुढची चाकं एकाच बाजूनं धरलेली असतात, मोटारीसारखी. पंक्चर काढायला चाक काढावंच लागत नाही. गाडी कुशीवर आडवी करा, टायर एका बाजूनं उतरवा, ट्यूब ओढा, ठिगळ लावा. माझ्या मित्रानं भाकरी खात खात काढलंय. ट्यूब वीस इंची, लहान पोरांच्या सायकलची, कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळते, तरी आपण प्रत्येकी दोन आणू. कप्पी आणि बेअरिंग मात्र गटात दोन-दोन, आणि ते माझ्याकडं.

शेतापर्यंत गाड्या न्यायला छोटा हत्ती टेम्पो सांगायचा का, असं कुणीतरी विचारलं होतं. मागं सांगितला होता. तीन बाजा मावतील म्हणून बोलावला, दीड मावली. ज्यांना येतंय त्यांनी चालवत यावं, सोलापुरातून अंतर फार नाही.

शनिवारी संध्याकाळी आगटी लागेल. हुरड्यासोबत शेंगाचटणी आणि दही शेतमालकांकडून, गूळ आपण न्यायचा. रात्री थंडी असते, चादर प्रत्येकानं आपली आणावी. सोलापूरकराला चादर आणायला सांगणं म्हणजे कमालच आहे, पण गेल्या वेळी चौघांनी आणली नव्हती.

आता प्रश्न नंतर. आधी बाहेर चला, दोन्ही गाड्या आवारात आहेत. एकेक करून बसा, दांडा मी लावून देतो. बूट असलेले आधी. धोतर नेसलेले जे काका मागच्या रांगेत बसलेत, त्यांनी आज नुसतं बघावं, चेन फार लांब आहे.