एसजीपीटी २८

(दृश्य : लॅबचा कागद, त्यावर सरकणारं बोट)

वय ५८, स्त्री. एसजीपीटी २८. शेजारी छापलेली मर्यादा : ४० पर्यंत. आकड्यापुढे बाण नाही, की तो ठळकही नाही. बोट खाली सरकतं. एचसीव्ही आरएनए, म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तात : आढळला.

एसजीपीटी हे एन्झाइम असतं यकृताच्या पेशीत. पेशी फुटली की ते रक्तात उतरतं. म्हणजे सध्या किती पेशी फुटताहेत, तेवढंच ते सांगतं. आजवर यकृतात किती व्रण साचले, ते नाही. जुन्या हिपॅटायटिस सीच्या रुग्णांपैकी साधारण पाव ते एकतृतीयांश लोकांचं एसजीपीटी कायम मर्यादेत असतं. ‘कायम’ म्हणायलासुद्धा एक रिपोर्ट पुरत नाही, सहा महिन्यांत निदान तीनदा तपासावं लागतं. आकडा वरखाली होत राहतो.

शिवाय ही ४० ची मर्यादा आली कुठून? ज्यांना निरोगी धरून ती बसवली, त्यांच्यात यकृतावर चरबी असलेलेही होते. २००२ मध्ये इटलीतल्या रक्तदात्यांमधून असे लोक वगळून मोजलं, तेव्हा पुरुषांना ३० आणि बायकांना १९ आलं. या हिशेबाने २८ नॉर्मल नाहीच.

(दृश्य : डायलिसिसच्या खुर्च्या)

इथे तर हा आकडा आणखी फसवा. डायलिसिसवरच्या माणसाचं एसजीपीटी मुळातच कमी येतं. बी-६ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक कारण.

(दृश्य : जांभळ्या झाकणाची नळी, सेल काउंटर)

ही नळी साध्या सीबीसीची. यातून हवेत प्लेटलेट्स. व्रणांनी यकृत आवळलं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स अडवून धरते. आपल्या कागदावर प्लेटलेट्स १,२०,००० आणि एसजीओटी, म्हणजे यकृतातलं दुसरं एन्झाइम, ३८. तेही मर्यादेतच. आता फिब-४ काढू, म्हणजे व्रणांचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, ५८ गुणिले ३८ : २२०४. प्लेटलेट्स हजारांत, म्हणजे १२०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ५.२९ : ६३५. भागाकार ३.४७. हा ३.२५ च्या वर गेला की यकृतात बरेच व्रण असण्याची शक्यता मोठी. दोन्ही एन्झाइम नॉर्मल, तरीही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे, पण करतं कोण?

(दृश्य : फायब्रोस्कॅनची खोली)

उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे. दोन बरगड्यांच्या मध्ये प्रोब टेकतो आणि हलकी टिचकी बसते. यकृत जितकं कडक, तितकी लाट वेगाने जाते. अशी दहा मोजमापं घेतात. त्यांत फार फरक असेल तर रिपोर्ट धरू नये. आधी तीन तास पोट रिकामं हवं. जेवून आलं की यकृतात रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. कडकपणा १२.५ किलोपास्कलच्या पुढे गेला की सिरॉसिस धरतात, म्हणजे यकृत व्रणांनी पार भरलेलं.

(दृश्य : इंटरफेरॉनची, हिपॅटायटिस सीच्या जुन्या औषधाची, कुपी)

‘एसजीपीटी नॉर्मल आहे, थांबा’ हा सल्ला या कुपीच्या काळातला. आठवड्याला तीन इंजेक्शनं, ताप, खचलेलं मन, आणि गुण यायचा थोड्यांनाच. म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांना औषध देऊ नये असं ठरवलं. औषध जड होतं, आजार हलका नव्हता. २००२ मध्ये तो नियम सैल झाला. सल्ला मात्र अजून फिरतोय.

अशा बहुतेकांचं यकृत सावकाश बिघडतं, काहींचं फारसं बिघडतही नाही. काहींमध्ये पहिल्याच तपासणीत सिरॉसिस सापडतो. मग पोटात पाणी, रक्ताची उलटी, कर्करोग.

(दृश्य : औषधाची खिडकी, गोळ्यांची बाटली)

सोफोसबुविर ४००, डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, ८४ दिवस. सिरॉसिस असेल तर जोडी बदलते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि एसजीपीटी वाढलेलं असण्याची अट नाही. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासायचाच. सी दबला की लपलेला बी उसळू शकतो.

शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए. आढळला नाही, तर विषाणू गेला. सिरॉसिस झालेल्यांनी तरीही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. अँटिबॉडीची तपासणी मात्र परत करू नका. ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, आणि घरात उगाच घबराट होते.