समुपदेशकाची श्रद्धा आणि समोर बसलेलं मूल

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या बोलण्यात एक शंका अनेकदा डोकावते. मुलाच्या शाळेतली समुपदेशक ख्रिस्ती विद्यापीठात शिकलेली आहे असं कळलं की मनात पाल चुकचुकते. ही बाई आमच्या मुलाला धर्म तर शिकवणार नाही ना? मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि मला ही शंका रास्त वाटते. तिचं उत्तर त्या बाईंच्या शिक्षणात सापडतं, म्हणून आज त्या शिक्षणाविषयी बोलते.

तिकडे शाळेत समुपदेशक व्हायचं तर साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. व्हर्जिनियातलं रीजंट विद्यापीठ किंवा इंडियाना वेस्लियन विद्यापीठ अशा ख्रिस्ती संस्था ही पदवी देतात. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'केकरेप' नावाची संस्था १९८१ पासून काम करते. तिच्या नियमांनुसार आधी १०० तासांचा सराव आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. त्या ६०० पैकी किमान २४० तास प्रत्यक्ष मुलांबरोबर. विद्यापीठ ख्रिस्ती आहे म्हणून यात एका तासाचीही सूट मिळत नाही.

या सरावाचा एक भाग बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. शिकणारी समुपदेशक मुलाशी झालेलं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करते. मग ते शब्दन्‌शब्द कागदावर उतरवते आणि मार्गदर्शक तिच्या एकेका वाक्यासमोर शेरा लिहितात. इथे नीट ऐकलंत. इथे घाई केलीत. इथे मूल गप्प बसलं, ते तुम्हाला सोसवलं नाही, म्हणून सल्ला दिलात. हा शेवटचा शेरा श्रद्धावान विद्यार्थ्याला फार झोंबतो, कारण धीर देणं हा त्याच्यासाठी धर्मच असतो.

समजा, दहा वर्षांच्या मुलाचे आजोबा वारलेत. तो विचारतो, "देवाने त्यांना का नेलं?" आपल्या ओठांवर उत्तर तयार असतं, आजोबा देवाजवळ सुखात आहेत. सरकारी शाळेत ते वाक्य गिळायला शिकावं लागतं. त्याऐवजी "तुला काय वाटतं? घरी काय बोलतात?" असं विचारलं, की मुलगा हळूहळू सांगू लागतो. आजी रोज फोटोपुढे दिवा लावते, बाबा मात्र त्या खोलीत पाऊलही टाकत नाहीत आणि जेवताना कुणाशी बोलत नाहीत. पोराला खरी भीती बाबांची वाटत होती, हे तेव्हा कुठे कळतं. ते तयार उत्तर दिलं असतं तर संभाषण तिथेच मिटलं असतं.

नव्या करारात याकोबाच्या पत्रात सांगितलंय की माणसाने ऐकायला तत्पर असावं आणि बोलायला धीमं. माझ्या दृष्टीने ख्रिस्ती शिक्षणाचं बळ इथे आहे. प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात घडलंय असं मनापासून मानणारी बाई गणितात नापास झालेल्या पोराकडे वेगळ्या नजरेने बघते. त्यासाठी त्याला देवाचं नावही ऐकवावं लागत नाही.

कायद्याची चौकट तर आहेच. सरकारी शाळेने प्रार्थना घेणं राज्यघटनेत बसत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दिला. मूल स्वतःहून प्रार्थना करू शकतं. समुपदेशक मात्र शाळेची नोकर म्हणून ती घेऊ शकत नाही. खाजगी ख्रिस्ती शाळेत गोष्ट वेगळी. आणखी एक फरक लक्षात ठेवा. पापनिवेदनात, म्हणजे माणूस आपल्या चुका कबूल करतो तेव्हा, ऐकलेलं गुपित ठेवायची मुभा धर्मगुरूला अनेक राज्यांत आहे. शाळेतल्या समुपदेशकाला ती नाही. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, तर तिला यंत्रणेला कळवावंच लागतं.

यात अवघड जागाही आहेत. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात हेच शिक्षण घेणाऱ्या ज्युलिया वॉर्ड यांनी समलिंगी नात्याबद्दल बोलू पाहणाऱ्या व्यक्तीला आपल्या श्रद्धेमुळे दुसऱ्याकडे पाठवायचं ठरवलं. २००९ मध्ये त्यांना अभ्यासक्रमातून काढलं गेलं. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा दावा ज्युरीपुढे जाऊ द्यावा असं म्हटलं आणि पुढे तडजोड झाली. अमेरिकन समुपदेशक संघटनेने २०१४ च्या आचारसंहितेत स्पष्ट केलं, की केवळ आपल्या मूल्यांमुळे कुणाला दुसरीकडे धाडता येणार नाही. मला ही आचारसंहिता पटते. लहान गावातल्या शाळेत समुपदेशक एकच असतो. दार ठोठावणाऱ्या मुलाला त्यानेच परत पाठवलं तर त्याने जायचं कुठे?

टेक्सासने २०२३ साली कायदा करून शाळांना धर्मसेवक, म्हणजे लोकांना आध्यात्मिक आधार देणारे चॅप्लेन, नेमायची मोकळीक दिली. त्यांना समुपदेशनाचा परवाना लागत नाही. याला विरोध करणाऱ्या पत्रावर शंभरहून अधिक धर्मसेवकांनीच सह्या केल्या. हॉस्पिटलात, सैन्यात आयुष्य घालवलेली ही माणसं. प्रशिक्षणाशिवाय मुलाच्या दुःखाला हात घालण्यात काय धोका आहे, हे त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटतं.

तेव्हा पालकहो, समुपदेशक कुठल्या विद्यापीठातून आली यावर मत बनवण्याआधी तिला भेटा. परवाना आहे का, इंटर्नशिप कुठे केली, हे बिनधास्त विचारा. आणि आपल्या घरातलंही सांगा. घरात सुतक आहे, आजोबांचा तेरावा शनिवारी आहे, त्याआधी मुलगा शाळेच्या पार्टीला येणार नाही. हे तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार? वेगळ्या संस्कृतीतल्या कुटुंबाकडून असं शिकून घेणं हा तिच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. नमस्कार.