रेट इनबॉक्समध्ये सांगितलाय

(पडद्यावर मोबाइल, बोटाने वर सरकणारे फराळाचे फोटो)

दिवाळीच्या पंधरा-वीस दिवस आधी कुठल्याही मराठी खाण्यापिण्याच्या ग्रुपवर जा, पुण्याचा असू दे, ठाणे-डोंबिवलीचा असू दे नाहीतर तिकडे न्यू जर्सीतल्या मंडळींचा, सगळीकडे चकलीच चकली. आणि त्या सगळ्यात एक फोटो असा असतो की ज्याच्यावरून दरवर्षी ग्रुपमध्ये भांडणं लागतात.

(फोटो झूम होतो)

बघा. मोठी परात, त्यात एका मापाच्या चकल्या गोल रचलेल्या, खिडकीतला उजेड बरोबर पडलाय, कोपऱ्यात बारीक अक्षरांत कुठल्यातरी किचनचं नाव. खाली लिहिलंय, आज सहज चकल्या केल्या, घरच्यांना आवडल्या, म्हटलं शेअर कराव्यात. दोन मिनिटांत पहिली कमेंट, वा ताई मस्तच, ऑर्डर घेता का? ताईंचं उत्तर, हो घेते ना, रेट इनबॉक्समध्ये सांगितलाय. विचारणारी बऱ्याचदा जाऊबाई असते नाहीतर शेजारची मैत्रीण. आणि परातीकडे नीट बघितलं की कळतंच, चार माणसांच्या घरात पाच किलो चकल्या सहज म्हणून कोणी तळत नाही.

आता सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, चकली विकणं यात काडीचंही गैर नाही. उलट घरी बसून, भाजणी भाजून, तासन् तास कढईसमोर उभं राहून जी बाई चार पैसे मिळवते तिला ते मिळायलाच हवेत. आपलं म्हणणं फक्त त्या "सहज"बद्दल, म्हणजे लपवून केलेल्या जाहिरातीबद्दल आहे.

घरच्या स्वयंपाकावर पोट चालवणं आपल्याकडे नवीन नाहीच. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार घर गावाला ठेवून खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला जायचे ते खानावळवाल्या बायकांकडे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. या खानावळींची जाहिरात कशी व्हायची? गावचा माणूस नवीन माणसाला सोबत घेऊन यायचा, झालं. जेवण बिघडलं तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगणार. सांगणारा कोण, त्याचं बाईंशी नातं काय, हे सगळ्या चाळीला माहीत.

ग्रुपवर नेमकं हेच माहीत नसतं. वीस-पंचवीस हजार लोकांच्या ग्रुपमध्ये "यांच्याकडच्या पुरणपोळ्या एक नंबर" असं कोणी लिहिलं तर लिहिणारी गिऱ्हाईक आहे की बहीण आहे की स्वतः बाईच दुसऱ्या नावाने आहे, काही कळायला मार्ग नाही.

२०२० च्या लॉकडाऊननंतर हे खूप वाढलं. अनेक घरांमध्ये पगार थांबला किंवा अर्ध्यावर आला, हॉटेलं बंद, मग कोणी डबे सुरू केले, कोणी केक, कोणी मोदक, आणि गिऱ्हाईक शोधायला दुकान नाही, पाटी नाही, हातात फक्त मोबाइल. साहजिकच सगळे तिथे गेले जिथे खाण्यावर बोलणारी माणसं आधीच जमलेली होती. आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिननी घाबरून नियम केला, जाहिरात बंद म्हणजे बंद. त्या नियमाने जाहिरात बंद झाली नाही, ती "सहज"च्या मागे लपली. उघड विकणारीची पोस्ट उडते आणि लपून विकणारीची राहते, म्हणजे जी खरं बोलते तिलाच शिक्षा.

(कढई, मंद आचेवर तूप, अनारसा सोडणारा हात)

आता ग्रुपवाल्यांची बाजू. त्यांचा राग मला पूर्ण पटतो आणि तो का पटतो ते एका उदाहरणाने दाखवतो.

रात्रीचे दहा वाजलेत. एका मुलीने पहिल्यांदाच अनारसे घातलेत. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर पसरून दमट असतानाच दळले, गूळ घालून पीठ मुरवलं, आणि आज तुपात सोडला तर अनारसा हसला. हसला म्हणजे तुपात पसरून त्याचा चुरा झाला. ती फोटो टाकून विचारते, काय चुकलं, आता काय करू, तूप गॅसवर आहे. हिला उत्तर माहीत असणाऱ्या दहा बायका ग्रुपमध्ये नक्की आहेत. गूळ जास्त झालाय किंवा पीठ सैल झालंय, थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळ, मळून घे, आधी एकच छोटा अनारसा सोडून बघ, खसखस लावलेली बाजू वर ठेव आणि उलटू नकोस, झाऱ्याने वरून तूप उडव. एवढंच. पण तिला खाली काय मिळतं? तयार अनारसे पीठ मिळेल. घरपोच अनारसे, रेट इनबॉक्स. ताई कशाला एवढा त्रास घेता, आमच्याकडे ऑर्डर करा. सात-आठ अशा कमेंट, आणि खरं उत्तर देणारी आजी ती गर्दी बघून काही न लिहिता निघून जाते. पुढच्या वर्षी ती ग्रुपवर येतच नाही. ग्रुप असाच मरतो, सभासदांचा आकडा वाढत असतो आणि सांगणारी माणसं एकेक करून गळत असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कोणी प्रश्न विचारलेला असताना खाली माल विकायला येणं हे सगळ्यात वाईट, लपवलेल्या जाहिरातीपेक्षाही वाईट. तिथे अ‍ॅडमिनने अजिबात दयामाया दाखवू नये. पण कोणी स्वतःच विचारलं की डोंबिवलीत उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे कोण करून देतं, तर तिथे करणारीने येऊन सांगणं बरोबरच आहे ना, फक्त पहिल्या ओळीत लिहायचं, मी स्वतः करते. मैत्रिणीचं नाव सुचवत असाल तर लिहायचं, माझी मैत्रीण आहे. हे लिहिल्याने गिऱ्हाईक तुटत नाही हो, उलट विश्वास बसतो.

बरेच ग्रुप आता मधला रस्ता काढतात. आठवड्यातला एक वार जाहिरातींचा, किंवा एकच पोस्ट पिन करून ठेवायची आणि ज्याला विकायचंय त्याने तिच्याखालीच लिहायचं. उपाय चांगला आहे पण त्यात एक गोम आहे, ती पोस्ट नुसती टाकून चालत नाही, कारण जिथे फक्त विकणारे बोलतात तिथे घेणारे फिरकत नाहीत. ती जागा शोधण्यासारखी ठेवावी लागते. म्हणजे भाग कुठला, पदार्थ काय, वजन किती, भाव किती, ऑर्डर कधीपर्यंत, डिलिव्हरी आहे की येऊन न्यायचं, हे सगळं समोर लिहिलेलं हवं. "रेट इनबॉक्स" चालणार नाही असा एकच नियम कडक पाळला तरी अर्धी कटकट मिटते. भाव लपला की प्रत्येकजण खाली "रेट?" लिहिणार, त्याने पोस्ट पुन्हा पुन्हा वर येणार, आणि काही जण भाव लपवतात ते नेमकं याचसाठी. काही जणींना भाव उघड लिहायची खरंच भीती वाटते, खाली कोणीतरी येऊन "एवढी महाग? आमच्या इथे अर्ध्या भावात मिळते" असं ऐकवून जातं म्हणून. त्या माणसालाही आवरायला हवं, तेसुद्धा अ‍ॅडमिनचंच काम. आणि ज्यांना रोज मेनू टाकायचा असतो त्यांच्यासाठी २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे, त्यात कॅटलॉग करता येतो, पदार्थ आणि भाव एकदा टाकले की लिंक पाठवली की काम झालं. त्यासाठी ग्रुप रोज भरायची गरज नाही.

(पाकिटावरचं लेबल, जवळून)

नियमांबद्दलही बोलू, कारण घरगुती आहे म्हणून काही लागत नाही असा मोठा गैरसमज आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. घरातून विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. काम ऑनलाइन होतं, नंबर चौदा आकडी मिळतो. तो नंबर जाहिरातीत लिहायला लावणं ही ग्रुपने करण्यासारखी सगळ्यात सोपी गोष्ट. नंबर आहे म्हणजे चकली खुसखुशीत असेल असं नाही, पण पोट बिघडलं तर माणूस सापडतो.

आणि दावे! यावर मी थोडा जास्त बोलणार कारण मला हे फार लागतं. "गुळाचे लाडू, शुगर फ्री, डायबेटिसवाल्यांना बिनधास्त चालतील." नाही चालत. गूळ हीसुद्धा साखरच आहे, रक्तातली साखर त्यानेही वाढते. कोणाचे तरी सासरे हे वाचून दिवसाला तीन लाडू खातात आणि लिहिणारीला याचा पत्ताही नसतो, तिने मनापासून चांगल्या हेतूनेच लिहिलेलं असतं. जाहिरातीत काय म्हणता येतं याचे एफएसएसएआयचे वेगळे नियम आहेत, २०१८ चे, त्यात शुद्ध, नैसर्गिक, ताजं, अस्सल, पारंपरिक असले शब्द कधी वापरायचे याच्यासुद्धा अटी आहेत. २०२४ च्या जूनमध्ये तर "शंभर टक्के फळांचा रस" हा दावा पाकिटांवरून आणि जाहिरातींतून काढायला कंपन्यांना सांगितलं गेलं. बड्या कंपन्यांना जे लागू ते आपल्या लाडवांनाही लागू व्हायला हवं, निदान आजाराचं नाव घेऊन तरी काही विकू नये.

आता हॉटेलवाल्या पोस्ट. इथे खेळ मोठा आहे. "काल सहज या ठिकाणी गेलो होतो, मटण थाळी लाजवाब," सोबत बारा फोटो, त्यात किचनच्या आतलेही. साध्या गिऱ्हाइकाला किचनमध्ये कोण सोडतं? जेवण फुकट होतं, कदाचित वर पैसेही मिळाले. त्याला हरकत नाही, पण सांगा. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आहे, अ‍ॅस्की, तिचे इन्फ्लुएन्सर लोकांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. त्यात फक्त पैसे नाही, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सगळं धरलंय. जाहिरात आहे हे चटकन दिसेल असं लिहायचं, हॅशटॅगच्या ढिगात पुरायचं नाही. व्हिडिओ पंधरा सेकंदांपर्यंतचा असेल तर ते निदान तीन सेकंद दिसलं पाहिजे, दोन मिनिटांचा किंवा मोठा असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोपर्यंत. आणि जाहिरात मराठीत असेल तर मराठीत लिहिलं तरी चालतं, "जाहिरात" एवढा एक शब्द पुरतो.

हे नुसतं संस्थेचं सांगणं नाही, मागे कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. खोट्या रिव्ह्यूंसाठी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानक आणलं, विकत घेतलेले किंवा विकणाऱ्याच्याच माणसांनी लिहिलेले रिव्ह्यू चालणार नाहीत असं त्यात सांगितलंय. अर्थात हे सगळं आपल्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत येऊन कोणी तपासणार नाही. तिथे तपासणारे आपणच.

न्यू जर्सीचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचंय, तिथे मराठी घरं भरपूर आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरीही भरपूर. त्या राज्यात २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत घरच्या ओव्हनमध्ये भाजलेलं बिस्किट विकणंसुद्धा कायद्यात बसत नव्हतं. नंतर परवाना सुरू झाला, वर्षाला पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या विक्रीसाठी, तोही लवकर न नासणाऱ्या पदार्थांना, आणि पाकिटावर लिहावं लागतं की हे घरच्या स्वयंपाकघरात केलंय आणि आरोग्य खात्याने ते तपासलेलं नाही. बघा ना, विकायला मना नाही, पण काय आहे ते सांगून विका. आपल्या ग्रुपना याहून वेगळं काही करायचं नाहीये.

(रात्री लॅपटॉपसमोर बसलेली अ‍ॅडमिन, न वाचलेल्या मेसेजची रांग)

राहिले अ‍ॅडमिन. हे काम बिनपगारी आहे, नोकरी-संसार सांभाळून रात्री दीड-दोन तास पोस्ट तपासत बसायचं, उडवली की "तुमच्या ओळखीच्यांना चालतं, आम्हालाच का नाही" असं ऐकून घ्यायचं. हा आरोप नेहमी खोटाच असतो असंही नाही. मोठ्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनच्या घरी दिवाळीला फराळाचे डबे येतात, नव्या हॉटेलचं आमंत्रण येतं, पोस्ट पिन करायचे पैसेही कोणी देऊ करतं. घ्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, एवढी मेहनत करणाऱ्या माणसाने काहीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पण घेतलं तर तोच नियम. पिन केलेल्या पोस्टवर "पैसे घेऊन पिन केली आहे" असं दिसलं पाहिजे, चकलीचं कौतुक केलं तर डबा भेट आला होता हे त्याच पोस्टमध्ये आलं पाहिजे, आणि उडवलेल्या पोस्टचं कारण एका ओळीत का होईना, पोस्ट टाकणारीला कळवलं पाहिजे. जे अ‍ॅडमिन हे करतात त्यांच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्याला निदान नियमावर तरी बोट ठेवता येतं, माणसावर नाही.