मॉरिशस: वाळूमागचा काळा कातळ

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशस म्हटलं की पांढरी वाळू आणि हिरवं-निळं पाणी आठवतं. मधुचंद्राच्या जाहिरातींनी ते चित्र मनात पक्कं बसवलंय. पण वाळू ही त्या बेटाची नुसती किनार. समुद्राकडे पाठ करून आत निघालात की लागतो काळा कातळ, आणि तो आपल्याला परका नाही.

बहुतेक भूशास्त्रज्ञ सांगतात ते असं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकता सरकता तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्तबिंदूवर, म्हणजे खालून सतत प्रचंड उष्णता वर येते अशा जागेवर, आला. जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्ह्याचे थरावर थर पसरले. सह्याद्रीचे कडे त्याचेच. अजिंठ्याची लेणी कोरली तीही त्याच दगडात. भारत पुढे निघून गेला, तप्तबिंदू मागे धगधगत राहिला. लक्षद्वीप आणि मालदीवची प्रवाळबेटं ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर उभी आहेत, ती रांग त्यानेच रचली. मग अंदाजे 80 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर आलं. आज हा बिंदू शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून लाव्हा ओकतो. मॉरिशसचे मात्र विझलेत. थोडक्यात, मॉरिशस म्हणजे सह्याद्रीचं धाकटं भावंडच म्हणा ना!

उंची फारशी नाही. सर्वांत उंच शिखर 828 मीटरचं, कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. पण दिमाख बघावा! पीटर बोथ नावाच्या सुळक्याच्या माथ्यावर एक प्रचंड धोंडा असा बसलाय, की आता पडेल की मग पडेल. हे डोंगर म्हणजे एका जुन्या, अवाढव्य ज्वालामुखीच्या झिजलेल्या कडा. गंगा तलाव, जिथे महाशिवरात्रीला लाखो भाविक चालत जातात, तोही ज्वालामुखीच्या मुखात साठलेला.

पाऊस आग्नेयेच्या वाऱ्यांबरोबर येतो. मधल्या पठारावर क्युरपीपला तो भरपूर कोसळतो आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो.

उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे ढिगारेच्या ढिगारे दिसतात. लागवडीसाठी हा कातळ हातांनी वेचून काढला, आधी गुलामांनी, नंतर गिरमिटिया मजुरांनी. त्या मजुरांत आपल्या कोकणातले लोकही होते. पर्यटक शामरेलची सात रंगांची माती बघायला रांगा लावतात, हे ढिगारे मागे टाकून. मला विचाराल तर थांबायला हवं ते इथे.

अर्थात शामरेलही बघा. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, कुजून त्यातली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली, म्हणून ते तांबडे-जांभळे रंग. कोकणातला जांभा साधारण याच प्रक्रियेतून तयार होतो.

आता किनाऱ्याकडे. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी इतकं शांत. वाळूही बरीचशी त्या प्रवाळाच्याच चुऱ्याची. दक्षिणेला सुयाकजवळ, ग्रि-ग्रि इथे मात्र ही भिंत खंडित होते आणि समुद्र थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. तिथे जरूर जा, पण पोहायला उतरू नका.