पॉल क्लेचा रियाज

(नागपुरात संगीत आणि चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. चित्रकार पॉल क्लेचं नाव निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: त्याच्या चित्रांतून संगीत ऐकू येतं. मला हे वाक्य पटत नाही आणि आजचं माझं बरंचसं बोलणं त्याच्याशी भांडण्यात जाणार आहे. चित्र गप्प असतं. क्ले स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवायचा. सूर ऐकावासा वाटला तर तो सरळ व्हायोलिन हातात घ्यायचा, त्यासाठी त्याला रंगांच्या नळ्या उघडाव्या लागत नव्हत्या. मग संगीतातून त्यानं चित्रांत नेलं काय? मला विचाराल तर त्यानं रियाज नेला. मात्रा मोजायची सवय नेली. आणि दोन-तीन गोष्टी एकाच वेळी चालू ठेवायच्या, पण एकीनं दुसरीला गिळू द्यायचं नाही, हे कसब नेलं.

आधी त्याचं घर बघू. क्लेचा जन्म १८ डिसेंबर १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराजवळच्या म्युंखेनबुखझे या गावातला. वडील जर्मन, संगीताचे शिक्षक. आई स्विस, गायनाचं शिक्षण घेतलेली. सातव्या वर्षी हातात व्हायोलिन आलं आणि अकराव्या वर्षी तो बर्नच्या वाद्यवृंदात मोठ्यांच्या बरोबरीनं बसू लागला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरातली पोरं इथं समोर बसली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. अशा घरात मुलानं पुढं काय करायचं हे जवळजवळ ठरलेलंच असतं. शाळेच्या वह्यांच्या समासात मात्र तो सतत काहीतरी रेखाटत असे. १८९८ मध्ये शाळा संपली आणि त्यानं चित्रकला शिकायला म्युनिक गाठलं.

व्हायोलिन येत नव्हतं म्हणून तो चित्रांकडे वळला नाही, हे लक्षात घ्या. त्याची दैवतं बाख आणि मोझार्ट. संगीतानं आपलं शिखर या दोघांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकातच गाठलं, अशी त्याची पक्की समजूत होती. चित्रकलेत अजून खूप काही करायचं शिल्लक आहे, असं त्याला वाटे. गंमत वाटेल, पण कागदावर युरोपातल्या सगळ्यात धाडसी लोकांपैकी एक असलेला हा माणूस व्हायोलिन घेऊन बसला की जुनंच वाजवायचा. घराण्याची शिस्त सोडायला तयार नसलेला एखादा बुजुर्ग गवई डोळ्यांसमोर आणा. मला वाटतं, त्या जुनेपणामुळेच त्याला कागदावर इतकं नवं करता आलं. एका ठिकाणी पाय घट्ट रोवलेला असला की दुसरा पाय कुठंही टाकता येतो.

म्युनिकमधलं शिक्षण आणि इटलीचा प्रवास उरकून १९०२ मध्ये तो आईवडिलांच्या घरी बर्नला परतला. पुढची चार वर्षं वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून पैसे मिळवायचे आणि उरलेल्या वेळात चित्र शिकायचं, असा क्रम होता. याच काळात त्यानं धातूच्या पत्र्यावर कोरून, आम्लात बुडवून काही छापचित्रं केली. विक्षिप्त, काटकुळी, वाकलेली माणसं. त्या मालिकेला नाव दिलं ‘इन्व्हेन्शन्स’. बाखनं वाजवणाऱ्यांच्या सरावासाठी लिहिलेल्या छोट्या रचनांचंही हेच नाव आहे. १९०६ मध्ये त्यानं लिली श्टुम्फ या पियानोवादिकेशी लग्न केलं आणि दोघं म्युनिकला आले. लिली पियानोच्या शिकवण्या करून घर चालवायची. क्ले स्वयंपाक करायचा, १९०७ मध्ये जन्मलेल्या फेलिक्सला सांभाळायचा आणि स्वयंपाकघरातच चित्रं काढायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपातही असं घर दुर्मिळच होतं. लिलीचं नाव क्लेच्या चरित्रात एका ओळीत उरकलं जातं, त्याचा मला राग येतो. तिच्या शिकवण्या नसत्या तर आज आपण इथं जमलोच नसतो.

या सगळ्या वर्षांत रंग मात्र त्याच्या हाती लागत नव्हता. रेष वश होती, काळ्या-पांढऱ्याच्या छटा वश होत्या, पण रंग नाही. चित्रकलेच्या मुलांनो, हे नीट ऐका. तिशी ओलांडलेला, कसलेला हात असलेला माणूस रंगाच्या दाराशी वर्षानुवर्षं उभा आहे आणि घाई करत नाही. मी हे त्याच्या कानाशी जोडते. बेसूर म्हणजे काय हे ज्याच्या कानाला लहानपणापासून कळतं, त्याला न जुळलेला रंग लावून पुढं जाणं जमत नाही. १९१२ मध्ये तो पॅरिसला गेला, तिथं रोबेर दलोने या चित्रकाराला भेटला. दलोने रंगांच्या एकमेकांवर होणाऱ्या परिणामांतूनच चित्र उभं करत होता. त्या भेटीनं बी पडलं. मग एप्रिल १९१४ मध्ये आउगुस्त माके आणि लुई म्वालिए या दोन चित्रकार मित्रांबरोबर तो ट्युनिशियाला गेला, आणि तिथल्या केरुआन गावात एका संध्याकाळी त्यानं डायरीत लिहून ठेवलं की रंगानं आपल्याला पकडलंय, आपण आणि रंग आता एक आहोत, आपण चित्रकार आहोत.

आपण नागपूरकर मंडळी या प्रसंगाचा अर्थ म्युनिकच्या माणसापेक्षा लवकर समजू शकतो. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीवर उभं राहा. ऊन इतकं पांढरं असतं की दुकानाच्या पाट्यांचे रंगही उडाल्यासारखे दिसतात. तेच साडेसहाला बघा. भिंती, साड्या, फळांच्या गाड्या, सगळ्यांचा रंग आतून वर येतो. वस्तू त्याच, पण त्यांचं आपसातलं नातं बदललेलं असतं. क्लेला केरुआनमध्ये हे नातं दिसलं असणार. त्यानंतरच्या जलरंगांत घरं, घुमट, बागा हळूहळू चौकोनांत विरघळतात आणि रंगांची शेजारशेजारची बैठक तेवढी उरते.

आता मी मुख्य मुद्द्यावर येते. १९२१ मध्ये क्ले बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकवायला गेला, आधी वायमारला आणि पुढं देसाउला. तिथं त्यानं मुलांसाठी केलेली टिपणं फार मोलाची आहेत. त्यात एक आकृती आहे. त्यानं बाखच्या व्हायोलिन आणि कीबोर्डसाठीच्या एका सोनाटातल्या काही ओळी घेतल्या, कागदावर आडव्या-उभ्या रेघा आखल्या, आडव्या दिशेला काळ मांडला आणि उभ्या दिशेला स्वरांची उंची. मग प्रत्येक आवाजाची एकेक रेष काढली. स्वर चढला की रेष चढते, थांबला की सपाट जाते, जोर आला की जाड होते. एक रेष वर जात असताना दुसरी खाली उतरते, कधी जवळ येतात, कधी दूर जातात. दोघींची चाल स्वतंत्र, काळ मात्र एकच.

एकाच वेळी चालणाऱ्या या स्वतंत्र आवाजांना पाश्चात्त्य संगीतात पॉलिफोनी म्हणतात. आपलं संगीत एका सुरावटीचं, म्हणून ही कल्पना आपल्याला अवघड वाटते. पण तबल्याच्या मुलांना ती वाटू नये. तबला सोलोला हार्मोनियमवर नगमा, म्हणजे तालाच्या मापाची एकच सुरावट, पुन्हा पुन्हा चाललेला असतो. तो आपल्या सोळा मात्रांत शांतपणे फिरतोय. तबलजी मात्र आडलयीत, म्हणजे दीडपट लयीत शिरलाय, तिगुन म्हणजे तिप्पट करतोय, मध्येच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, झाकतोय. ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही चालू असतात आणि समेवर दोन्ही भेटले की आपण मान हलवतो. नगमा ऐकू येईनासा झाला तर तबलजीची सगळी करामत निरर्थक. क्लेला कागदावर नेमकं हेच हवं होतं.

त्याचं १९२१ चं ‘फ्यूग इन रेड’ हे जलरंगातलं चित्र घ्या. फ्यूग हा बाखचा आवडता रचनाप्रकार. एक आवाज छोटासा मुखडा मांडतो. तो पुढं सरकतो न सरकतो तोच दुसरा आवाज तोच मुखडा पंचमापासून उचलतो, पहिलाही थांबत नाही, मग तिसरा शिरतो. आता चित्र. जमीन जवळजवळ काळी. तिच्यावर एक सुरई, एक पानासारखा आकार, वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. प्रत्येक आकार पुन्हा पुन्हा येतो, थोडा सरकून, आधीच्याला अर्धवट झाकत, आणि दर वेळी अंधारातून उजेडाकडे एक पायरी चढत. गडद तपकिरी-लाल, मग लालसर, मग गुलाबी, शेवटी फिकट. सुरईची रांग एका गतीनं उजळते, वर्तुळांची दुसऱ्या.

हे जलरंगात करायचं म्हणजे काय, हे चित्रकलेच्या मुलांना कळेल. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, मग त्यावर दुसरा हात. जिथं सगळ्यात जास्त उजेड हवा, ती जागा पहिल्या हातापासून राखून ठेवावी लागते. शेवटचा फिकट गुलाबी कुठं येणार हे सुरुवातीलाच माहीत नसेल तर चित्र बुडालं. आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत हात आवरून बसायचं. वाद्यवृंदात पन्नास मात्रा गप्प बसून एक्कावन्नाव्या मात्रेला नेमका गज टेकवणाऱ्या माणसाला हे जमतं.

आपल्याकडे संगीत आणि चित्र यांचं नातं जुनं आहे, रागांना माणसांच्या रूपात रंगवणाऱ्या रागमाला चित्रांचं. तोडी रागिणी म्हटलं की हातात वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती गोळा झालेली हरणं. हिंदोल म्हटलं की झोपाळा. ही चित्रं मला मनापासून आवडतात. पण त्यांत रागाचा भाव आहे, त्याची कथा आहे, ऋतू आहे. त्या चित्रावरून तोडीचा कोमल गंधार कुठं लागतो किंवा विलंबित लयीत बढत, म्हणजे रागाचा पायरीपायरीनं विस्तार, कशी होते, हे समजणार नाही, आणि ते सांगायचा त्या चित्रकाराचा उद्देशही नाही. क्ले उलट्या टोकाहून येतो. त्याला कथेशी देणंघेणं नाही, त्याला बांधणी हवी. माझ्या मते आपल्या चित्रकारांसाठी ही दुसरी वाट अजून पुरती चालून झालेली नाही. ख्यालाच्या बढतीचं चित्र कसं दिसेल? तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तिहाईचं? या प्रश्नांवर काम करायला आपल्याकडे भरपूर जागा आहे.

१९३२ मधलं ‘आद पारनासुम’ हे क्लेचं मोठं तैलचित्र, साधारण एक मीटर उंच आणि सव्वा मीटर रुंद. नाव आलंय १७२५ सालच्या एका पाठ्यपुस्तकावरून. योहान योसेफ फुक्स या संगीतकारानं लिहिलेलं ते पुस्तक, आवाजावर आवाज कसा रचायचा हे पायरीपायरीनं शिकवणारं. क्लेच्या चित्रात खाली रंगीत चौकोनांची पार्श्वभूमी, तिच्यावर शिक्क्यासारखे उमटवलेले असंख्य बारीक ठिपके, वर डोंगराच्या किंवा पिरॅमिडच्या कडेसारखी ठसठशीत रेष, बाजूला एक नारिंगी वर्तुळ आणि खाली दाराची कमान. ठिपक्यांचा थर एक लय चालवतो, चौकोनांचा दुसरी, रेषा तिसरी. लांबून डोंगर आणि सूर्य, जवळ गेलात की नुसते ठिपके.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दुःखद आहे आणि त्याच्यावरच बोलत बसण्याचा मोह होतो. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ड्युसेलडॉर्फच्या कलाअकादमीतली त्याची नोकरी गेली. वर्षअखेरीस तो बर्नला परतला. १९३५ मध्ये त्वचा आणि आतले अवयव ताठर होत जाणारा असाध्य आजार जडला. १९३७ मध्ये नाझींनी ‘विकृत कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं, त्यात त्याचीही चित्रं टांगली. क्ले आपल्या प्रत्येक कामाला क्रमांक देऊन वहीत नोंद करत असे, १९११ पासून. त्या नोंदींत १९३६ सालची कामं आहेत फक्त २५. आणि १९३९ सालची १,२५३. रेषा आता जाड झाल्या होत्या, आकार साधे. २९ जून १९४० ला तो गेला.

आता आपल्या गावाकडे. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलाकारांची कामं लागली होती, त्यात क्लेही होता. त्यानंतर दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९२४ ला, नागपुरात चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्मले. होय, तेच गायतोंडे, ज्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं भरवलं. गायक वसंतराव देशपांड्यांना आपण आपलं मानतो, ते इथं शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले म्हणून, आणि त्यांच्या नावाचं सभागृहही आपल्याकडे आहे. गायतोंडे मात्र आपल्या बोलण्यात फारसे येत नाहीत. ते पुढं मुंबईत वाढले, तिथल्या जे. जे. कलाशाळेत शिकले, संगीताचे मोठे रसिक. पन्नासच्या दशकात क्लेनं त्यांना ओढून घेतलं आणि माणसांच्या आकृतींपासून अमूर्ताकडे जाताना क्ले त्यांच्या सोबत होता. पण नंतरचे गायतोंडे बघा: क्लेचा एकही आकार त्यांच्यात सापडत नाही. रोलरनं, सुरीनं रंगाचा थर द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा, आणि वर्षभरात मोजकीच चित्रं पुरी करायची. क्लेच्या एका वर्षात १,२५३ आणि इकडे ही गती. तरी मी दोघांना एकाच परंपरेत बसवते, कारण थर सुकेपर्यंत थांबणं दोघांकडे सारखंच आहे. मोठ्या कलावंताकडून काय उचलावं आणि काय त्याच्याकडेच राहू द्यावं, हे गायतोंड्यांकडून शिकण्यासारखं आहे.

मघाशी एका विद्यार्थिनीनं विचारलं की तिला गाणं आणि चित्रं दोन्ही आवडतं, एक सोडावं लागेल का? क्लेनं व्यवसाय बदलला, व्हायोलिन सोडलं नाही. बाउहाउसमध्येही तो मित्रांबरोबर वाजवायला बसायचाच. त्यामुळे माझं उत्तर नाही असं आहे. पण दोन्हींचा रियाज करावा लागेल, एकाचा करून भागणार नाही.

आता प्रत्येकाकडे आलेखाचा एकेक कागद येईल. आडव्या दिशेला सोळा घरं मोजा, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या घरानंतर रेघ मारा. तबल्याची मुलं आधी त्रितालाचा साधा ठेका वाजवतील, हार्मोनियमवर नगमा राहील. नगम्यासाठी एक रेष, तबल्यासाठी दुसरी. जोर आला की रेष जाड करायची. दुसऱ्या फेरीला दुगुन, म्हणजे दुप्पट, होईल, तिसऱ्या फेरीला आड. रंग आज वापरायचा नाही, पेन्सिल पुरे. ‘खाली’च्या, म्हणजे टाळी न देता मोकळ्या सोडायच्या नवव्या मात्रेला रेषेचं काय करायचं हे मी सांगणार नाही, ते तुम्ही ठरवा आणि मला दाखवा.