चादर की टॉवेल?

हा मागांचा आवाज ऐकताय ना, खटखट खटखट... सोलापूरच्या पूर्व भागात शिरलात की हा आवाज येतोच, इथली पोरं ह्या आवाजातच झोपतात, ह्यातच अभ्यास करतात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड-हिंदी सगळं मिक्स. आज आपण आलोय इथल्याच एका शाळेत, सातवीच्या वर्गात, आणि विषय आहे एआय. मोठा रोबो बिबो काही नाही हं, एक जुना लॅपटॉप आहे, तोही चार्जरची पिन कुणीतरी धरून बसलं तरच चालणारा.

बाईंनी पोरांना घरून फोटो काढून आणायला सांगितले होते, चादरीचे आणि टॉवेलचे. सोलापुरात ह्या दोन वस्तू काय शोधाव्या लागत नाहीत. फोटोवरून शिकणारी फुकटची टूल्स असतात, ब्राउझरमध्येच चालतात, त्यात इकडे चादरी टाकायच्या, तिकडे टॉवेल, नियम एकही सांगायचा नाही, फरक त्याचा तो हुडकतो. टाकले सगळे. आणि मग पठ्ठ्या बरोबर ओळखायला लागला की, चादर, टॉवेल, चादर, वर्गात नुसता दंगा.

मग बाईंनी एक चादर घेतली, व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत टाकली आणि तिचा फोटो दाखवला.

टॉवेल, म्हणे. आणि वर नव्वद टक्क्यांच्या पुढची खात्री!

"काय बे, येडं झालं का हे?"

येडं झालं नव्हतं. सगळे फोटो परत उघडले, तर प्रत्येक चादर कॉटवर अंथरलेली आणि प्रत्येक टॉवेल दोरीवर. म्हणजे ते चादर शिकलंच नव्हतं, कॉट आणि दोरी शिकलं होतं. हे आधी कुणाच्या लक्षात आलं तर शेवटच्या बाकावरच्या एका पोरीच्या, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

तिच्या घरी माग आहे. तिच्या ताताने, म्हणजे आजोबाने, आयुष्यभर जकार्डवर चादरी विणल्या. जकार्ड म्हणजे काय, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ, भोक असलं की तिथला धागा वर उचलतो, नसलं की खालीच राहतो, आणि त्यातून फूल उमटतं. फ्रान्समध्ये जकार नावाच्या माणसाने 1804 च्या सुमारास हे जमवलं, पुढे इंग्लंडात बॅबेज नावाच्या गणितज्ञाने तेच पत्ते आपल्या गणिती यंत्रात वापरायचं ठरवलं (ते यंत्र काही पुरं झालं नाही), आणि 1890 ला अमेरिकेची जनगणना भोकांच्या पत्त्यांवरच मोजली. म्हणजे कॉम्प्युटरच्या खानदानात आपला माग पण बसतो, हे मला स्वतःला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं राव.

ताता म्हणतात, फूल वाकडं आलं की आम्ही मागाला शिव्या नाही घालायचो, पत्ता हुडकायचो. एआयची गोची इथेच आहे, त्याचं भोक दिसत नाही. आत नुसते आकडे, मोठ्या एआयमध्ये तर अब्जावधी, बोट ठेवून सांगता येत नाही की इथे चुकलं. मग बाहेरूनच तपासायचं, त्याला काय खायला घातलं होतं, कुणी घातलं, काय घालायचं राहिलं.

गप्पा मारणाऱ्या एआयचंही तसंच. पोरांनी त्याला आपल्याच गल्लीचा इतिहास विचारला, त्याने पेशवेकालीन विहीर, जुना वाडा, सगळं झकास मराठीत लिहून दिलं. गल्लीत विहीर नाही, वाडा नाही. पोरं खो खो हसली, कारण गल्ली त्यांच्या पायाखालची. बाईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, आता ह्याने चीनबद्दल काही सांगितलं तर हसाल का? वर्ग गप्प. मला तर हा दिवसातला सगळ्यात भारी क्षण वाटला, कारण चीनची विहीर आपण कोण बघायला जातो?

नीट बोलतंय म्हणजे कळतंय, असं आपण पटकन धरून चालतो. 1966 मध्ये अमेरिकेत एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम होता, आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोकं त्याच्यापाशी मन मोकळं करत बसायची. मोठी माणसं होती ती, सातवीची पोरं नव्हती.

शाळा सुटली. उद्या परत फोटो आणायचेत, ह्यावेळी चादरी दोरीवर, टॉवेल कॉटवर, काही घडी घालून, काही पोराच्या खांद्यावर. ती शेवटच्या बाकावरची पोरगी मात्र शेजारच्या घराची कडी वाजवतीय. तिला एक विटलेली, फाटकी चादर पाहिजे, कारण वर्गातल्या सगळ्यांनी फोटो काढले ते नवीन चादरींचेच.